सूर्यास्त आणि आगबोट

कलावंताला वस्तुस्थिति बदलण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ वेळां चर्चिला गेला आहे. असा अधिकार आहे असें म्हणणारांचा एक पक्ष आहे. बदललेली वस्तुस्थिति म्हणजे असत्यच, मग तें रंगांनीं सांगितलेलें असो वा शब्दांनीं, असें मानणारांचा दुसरा. मी बरींच वर्षें या वादाकडे दुरून पाहत होतों, आणि खरें सांगावयाचें तर दोन्ही पक्षांचें म्हणणें मला त्या त्या वेळीं पटत असे. परंतु कांहीं काळापूर्वीं माझ्या हातून एक लहानसा लेख लिहिला गेला, आणि त्यामुळें हा वाद पुस्तकांतून उठून माझ्या घरांत आला. त्याचा उलगडा करण्यास मला ज्या चित्राची मदत झाली, त्या चित्राविषयीं प्रथम लिहितों, लेखाविषयीं मागाहून.

हें चित्र टर्नर या इंग्रज चित्रकाराचें आहे. त्याचा जन्म १७७५ सालचा व मृत्यु १८५१ सालचा. आकाश, पाणी आणि प्रकाश हेच त्याच्या आयुष्याचे विषय होते. प्रस्तुत चित्र त्यानें १८३९ सालीं लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीच्या प्रदर्शनांत मांडलें. मूळ चित्र सुमारें चार फूट रुंद व तीन फूट उंच असून तें लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहांत आहे. मीं तें तेथें जाऊन पाहिलेलें नाहीं. माझ्या परिचयाची आहे ती त्याची एक छापील प्रत. माझे काका एका तालुक्याच्या गांवीं माध्यमिक शाळेंत चित्रकलेचे शिक्षक होते. ही प्रत त्यांच्या खोलींत खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलेली असे. लहानपणीं सुट्टींत मी त्यांच्याकडे जात असें, तेव्हां सकाळीं डोळे उघडले कीं प्रथम दृष्टीस पडे तें हेंच चित्र.

उजव्या बाजूस नदीच्या रुंद पात्रावर सूर्य मावळत आहे. क्षितिजाशीं त्याचें तेज पांढरट पिवळें आहे; वर जातां जातां तें केशरी होतें, मग तांबडें, आणि शेवटीं करड्या ढगांत विरून जातें. तेंच सारें खालीं संथ पाण्यांत पुन्हां एकदां उमटलें आहे. डाव्या बाजूचें आकाश मात्र निळसर व थंड असून तेथें चंद्राची बारीक कोर दिसते. या थंड बाजूला, सूर्याकडे पाठ करून, एक प्रचंड शिडाचें जहाज आपल्याकडे येत आहे. त्याच्या डोलकाठ्या उंच आहेत, पण शिडें गुंडाळलेलीं आहेत; तें स्वतःच्या बळानें चाललेलें नाहीं. त्याच्यापुढें एक लहान, काळी, चाकांची आगबोट असून ती त्याला ओढीत आहे. तिच्या धुराड्यांतून ज्वाळेच्या रंगाचा धूर निघतो व मागच्या जहाजाच्या डोलकाठ्यांवरून वाहत जातो. उजव्या कोपऱ्यांत पाण्यावर एक काळा बोया तरंगत आहे.

जहाजाचें नांव टेमेरेअर. तें १७९८ सालीं पाण्यांत सोडलें गेलें. त्यावर ९८ तोफा होत्या. १८०५ च्या २१ ऑक्टोबरला ट्रफॅल्गारच्या आरमारी लढाईंत तें नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’च्या पाठोपाठ शत्रूच्या रांगेंत शिरलें, आणि ‘व्हिक्टरी’ संकटांत सांपडली तेव्हां तिच्या मदतीस धांवलें. टर्नरनें चित्राच्या नांवांत त्याला ‘झुंजार’ हें विशेषण लावलें आहे तें यासाठीं. पुढें लढाईसाठीं त्याचा उपयोग उरला नाहीं. कांहीं काळ त्याचा तुरुंग झाला, मग नव्या खलाशांचें वसतिस्थान, मग कोठार. अखेर १८३८ सालीं आरमारानें तें ५५३० पौंडांस जहाजें मोडणाऱ्या एका व्यापाऱ्याला विकलें, आणि त्या वर्षींच्या सप्टेंबरच्या ५ व ६ तारखांना तें समुद्राच्या मुखाजवळील शीअरनेसहून टेम्स नदींतून रॉदरहाइथच्या कांठीं ओढून नेण्यांत आलें. तेथें तें मोडलें गेलें.

आतां चित्र आणि इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. शीअरनेसहून रॉदरहाइथला जावयाचें म्हणजे पश्चिमेकडे जावयाचें. मावळता सूर्य जहाजाच्या समोर हवा. टर्नरनें तो पाठीमागें ठेवला आहे. नदीला वळणें आहेत, एखाद्या वळणावर असें दिसलेंही असेल, असा युक्तिवाद करतां येतो. पण तो वकिली युक्तिवाद होईल. ओढून नेतांना जहाजावर डोलकाठ्या नव्हत्या. विकण्यापूर्वींच त्या काढून घेतल्या होत्या. ओढणाऱ्या आगबोटी दोन होत्या. चित्रांत एकच आहे. तशा आगबोटींत डोलकाठी पुढें व धुराडें तिच्यामागें असे. टर्नरनें धुराडें पुढें आणलें, म्हणजे त्याचा धूर नेमका जहाजावर जाईल. इतकेंच नव्हे, तर त्या दिवशीं टर्नर नदीकांठीं उभा होता याचाही विश्वसनीय पुरावा नाहीं. एका चित्रांत इतकीं असत्यें! एखाद्या साक्षीदारानें न्यायालयांत अशी साक्ष दिली असती तर न्यायाधीशानें ती फेटाळलीच असती.

असें असूनही हें चित्र खोटें आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. मलाही कधीं वाटलें नाहीं. कां वाटत नाहीं, याचें उत्तर रंगांतच आहे, असें आतां मला दिसतें. टर्नरनें या दोन नौका एकाच पद्धतीनें रंगविलेल्या नाहींत. आगबोट गडद, भरीव आणि जवळची आहे. तिला हात लावला तर काजळी लागेल असें वाटतें. जहाज मात्र फिकट, पांढुरकें, सोनेरी धुक्यांतून उमटल्यासारखें आहे. त्याच्या डोलकाठ्यांमागचें आकाश त्यांतून झिरपत आहे असा भास होतो. एक वस्तु आहे आणि दुसरी स्मृति आहे. चित्रकार जणूं रंगानेंच कबुली देत आहे कीं, या डोलकाठ्या आज तेथें नाहींत, त्या मला आठवतात म्हणून मीं काढल्या. कबूल केलेला बदल आणि लपविलेला बदल यांत फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट चित्राच्या नांवाची. टर्नरनें चित्राला जें लांबलचक नांव दिलें, त्यांतच हें जहाज मोडण्यासाठीं अखेरच्या धक्क्यावर ओढून नेलें जात आहे, आणि हें १८३८ सालीं घडलें, असें स्वच्छ सांगून टाकलें आहे. सूर्य कोठें होता याबद्दल प्रेक्षकाची फसगत होईल. जहाजाचें काय झालें याबद्दल होणार नाहीं.

नवव्या शतकांतील काश्मीरचा आचार्य आनंदवर्धन यानें काव्यांतील सूचित अर्थाची मीमांसा केली, तेव्हां एक घरगुती दृष्टान्त दिला आहे. ज्याला प्रकाश हवा असतो तो मनुष्य दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो. तसा ज्याला व्यंग्यार्थ हवा त्यानें वाच्यार्थाकडे दुर्लक्ष करूं नये, असा त्याचा आशय आहे. प्रतीकें शोधणाऱ्या रसिकांना हा इशारा फार उपयोगी आहे. सूर्य मावळला कीं ‘एका युगाचा अस्त’, कोर दिसली कीं ‘नव्या युगाचा उदय’, बोया दिसला कीं ‘मृत्यु’, अशी भाषांतरें करावयास आपण उतावीळ असतों. त्या उतावळेपणांत चित्रांत प्रत्यक्ष काय काढलें आहे तें पाहावयाचें राहून जातें.

माझे काका ही चूक मुलांना करूं देत नसत. नववीच्या वर्गांत ते दरवर्षीं ही प्रत घेऊन जात आणि विचारीत, “या चित्रांत वाईट कोण?” मुलें एका आवाजांत सांगत, “आगबोट!” यांत मुलांचा दोष नव्हता. चित्र प्रथम प्रदर्शनांत आलें तेव्हां थॅकरेसारख्या लेखकानेंही त्याची मनापासून स्तुति करतांना आगबोटीला जवळजवळ राक्षसीचें रूप दिलें होतें. काका म्हणत, “तिनं काय केलं? तिला ओढायला सांगितलं, ती ओढते आहे. जहाज विकलं कुणी?” मुलें गप्प. मग ते बोटानें आगबोटीवरचें छोटें पांढरें निशाण दाखवीत. जहाजावर इंग्लंडचें निशाण नाहीं. तें आतां राष्ट्राचें राहिलें नाहीं, व्यापाऱ्याचें झालें. प्रदर्शनाच्या यादींतही टर्नरनें त्याच अर्थाच्या काव्यपंक्ति चित्राखालीं घातल्या होत्या. “एवढंसं निशाण,” काका म्हणत, “पण सगळ्या चित्राचा जाब त्याच्यांत आहे.”

काकांना आगबोटीची बाजू घेण्याचें आणखी एक कारण होतें. त्यांचा जन्म कोंकणांतल्या एका बंदराच्या गांवीं झाला. त्या गांवीं आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यांत उभी राही, आणि माणसें पडावांत बसून तिच्यापर्यंत जात. वयाच्या सतराव्या वर्षीं एक वळकटी व रंगांची एक पेटी घेऊन ते असेच पडावांतून आगबोटीवर चढले आणि मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. “शिडाचं तारूं दिसायला सुंदर खरं,” ते मला म्हणाले होते, “पण त्याच्या भरंवशावर बसलों असतों तर हें चित्र मला कधीं दिसलंच नसतं.” टर्नर स्वतः देखील वाफेचा द्वेष्टा नव्हता. पांच वर्षांनीं, १८४४ सालीं, त्यानें पावसांतून धांवत येणारी आगगाडी अशा उत्साहानें रंगविली कीं, यंत्राच्या वेगाचें इतकें मोठें गौरवचित्र त्यापूर्वीं क्वचितच झालें असेल. शिवाय ज्या पिवळ्या तेजासाठीं तो प्रसिद्ध आहे, तें साधण्यासाठीं त्यानें ज्याचा हौसेनें उपयोग केला तो क्रोमचा पिवळा रंग म्हणजे त्याच्या हयातींतल्या नव्या रसायनशास्त्राचीच देणगी. तेव्हां जुनें तें पवित्र आणि नवें तें दुष्ट, हा अर्थ चित्रांत नाहीं. तो आपण घालतों.

याचा अर्थ टर्नर सर्वस्वीं निर्दोष आहे असें मात्र नव्हे. डोलकाठ्या परत देऊन त्यानें जहाजाचा मधला पंचवीस वर्षांचा काळ पुसून टाकला. तें तुरुंग होतें, कोठार होतें, हें चित्रावरून कळणार नाहीं. जणूं तें ट्रफॅल्गारहून सरळ मरणाकडेच चाललें आहे. आणि ट्रफॅल्गारला त्यावरचीं ४७ माणसें मेलीं, त्यांतल्या एकाचीही सांवली या पाण्यांत नाहीं. कृतज्ञता जागविणाऱ्या प्रत्येक चित्राला हा मोह असतो. फक्त, जी गोष्ट लपविली असतां चित्र अधिक गोड झालें असतें, ती त्यानें लपविली नाहीं. सूर्यास्त हवा तेवढा सुंदर करून त्यानें त्याच्या पुढ्यांत काळी आगबोट ठेवली. ती झांकून पाहा: राहतें तें एक रम्य नदीचित्र, दिवाणखान्यांत लावण्याजोगें. ती उघडी करा: त्याच सौंदर्यानें मनुष्य अस्वस्थ होतो. येथें प्रकाश सांत्वन करीत नाहीं; काय विकलें गेलें तें तो दाखवितो.

या जहाजाच्या नशिबांत एक विचित्र योग होता. टर्नरनें हें चित्र आपलें लाडकें मानलें, कोणी मागितलें तरी विकलें नाहीं, आणि अखेर राष्ट्राला दिलें. ज्या राष्ट्रानें जहाज ५५३० पौंडांना विकलें, त्यानेंच २०२० सालीं २० पौंडांच्या नोटेवर टर्नरच्या मुखाबरोबर त्याचें चित्र छापलें. मोडून झाल्यावर गौरव करणें हें राष्ट्रांनाच नव्हे, कुटुंबांनाही फार सोपें जातें. आणि येथेंच मला माझ्या लेखाकडे वळलें पाहिजे.

काका निवृत्त झाल्यावर कांहीं वर्षें गांवींच राहिले. पुढें त्यांची दृष्टि मंदावली, चालणें कठीण झालें, तेव्हां त्यांना शहरांत आणण्यांत आलें. घर लहान, मुलगा व सून दोघेंही नोकरीवर. शेवटीं त्यांना वृद्धांच्या एका संस्थेंत ठेवावें लागलें. काकू मुलीकडे राहिल्या. मी त्याच शहरांत, तासाभराच्या अंतरावर होतों. पहिल्या महिन्यांत दोनदां जाऊन आलों. नंतर पांच महिने गेलों नाहीं. जाऊं जाऊं म्हणत राहिलों. एके दिवशीं त्यांना रुग्णालयांत हलविलें, आणि दुसऱ्या पहांटे ते तेथील सार्वजनिक कक्षांत गेले. जवळ आमच्यापैकीं कोणी नव्हतें.

वर्षश्राद्धाच्या सुमारास त्यांच्या शाळेच्या स्मरणिकेसाठीं मला लेख लिहिण्यास सांगितलें. मीं मनापासून लिहिला. पडाव, रंगांची पेटी, नववीचा वर्ग, टर्नरचें चित्र, सारें त्यांत होतें, आणि तें सारें अक्षरशः खरें होतें. शेवटीं मात्र मीं लिहिलें कीं, सायंकाळीं देवापुढें दिवा लागला असतां, घरचीं माणसें भोंवतीं असतां, त्यांनीं शांतपणें डोळे मिटले. हें वाक्य लिहितांना मला खोटें बोलत आहों असें वाटलें नाहीं. कलेच्या अधिकारानें मी त्यांना एक चांगला सूर्यास्त देत आहें, असेंच वाटलें. पुष्कळांनीं लेखाची, आणि विशेषतः शेवटाची, प्रशंसा केली.

काकूंनीं अंक वाचून बाजूला ठेवला. म्हणाल्या, “लेख चांगला झालाय रे. मी दोनदां वाचला. पण वाचतांना वाटत होतं, हे दुसऱ्या कुणाचे तरी काका आहेत.”

मी म्हणालों, “काकू, शेवटचं तेवढं लोकांना कशाला सांगायचं? त्यांचा मान राहावा म्हणून लिहिलं.”

त्या थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “त्यांचा मान कशानं गेला असता? त्यांनीं का काहीं केलं होतं? एकट्यानं सोसलं त्यांनीं तें. आतां तूं लिहिलंस कीं तसं झालंच नाहीं. म्हणजे तेवढंही त्यांच्याकडून काढून घेतलंस.”

या बोलण्यावर मजजवळ उत्तर नव्हतें. त्या रात्रीं मीं टर्नरच्या असत्यांची आणि माझ्या एका असत्याची तुलना करून पाहिली. टर्नरनें अनेक तपशील बदलले आणि जहाजाची गति बदलली नाहीं. मीं एकही तपशील बदलला नाहीं आणि गति तेवढी बदलली. त्याच्या बदलांनीं पाहणाराची अस्वस्थता वाढते. माझ्या बदलानें ती नाहींशी झाली, आणि सर्वांत अधिक माझी. कलावंतानें वस्तुस्थिति बदलावी कीं नाहीं, या वादाला आतां मी एवढेंच उत्तर देऊं शकतों: बदल किती केला हें मोजण्यापूर्वीं त्या बदलानें कोणाची सुटका झाली तें पाहावें. लिहिणाराचीच सुटका झाली असेल, तर त्याला कलेचा अधिकार म्हणूं नये.

काकांचा नववीच्या वर्गांतला प्रश्नही त्या रात्रीं पुन्हां आठवला. त्या वृद्धाश्रमावर राग धरणें मला फार सोयीचें होतें. घरांत आम्हीं सर्वांनीं तो धरलाही होता. पण त्या संस्थेनें काय केलें? तिला सांभाळावयास सांगितलें, तिनें सांभाळलें. ती ओढणारी आगबोट होती. निशाण आम्हीं उतरविलें होतें.

पुढच्या वर्षींच्या स्मरणिकेला मीं चार ओळींचा खुलासा पाठविला. चुलतभावाविषयीं एक अक्षरही लिहिलें नाहीं. दुसऱ्याची आगबोट रंगविण्याचा मला अधिकार नव्हता, आणि त्याच्या घरांतल्या अडचणी त्याला ठाऊक. इतकेंच लिहिलें कीं, मागील लेखांतला शेवट खरा नाहीं; काका रुग्णालयांत एकटे वारले, आणि त्यापूर्वींचे पांच महिने, जवळ राहत असून, मी त्यांना भेटावयास गेलों नव्हतों. संपादकांनीं विचारलें, हें छापणें आवश्यक आहे काय? मीं होय म्हणून कळविलें. या खुलाशाची कोणी प्रशंसा केली नाहीं. काकूंनीं तो वाचला आणि आपल्या पोथीच्या बासनांत घडी करून ठेवला.

नंतर केव्हांतरी त्यांनीं काकांची ती चित्राची प्रत मला दिली. ती आतां माझ्या खोलींत आहे. इतकीं वर्षें खिडकीसमोर ऊन खाऊन तिचे रंग उतरले आहेत. छापील रंगांत पिवळा आणि तांबडा लवकर विटतात. त्यामुळें सूर्यास्त जवळजवळ नाहींसा झाला असून आकाश राखेसारखें दिसतें. जहाज तर पूर्वींच फिकट होतें, आतां तें नीट निरखल्यावांचून सांपडत नाहीं. आगबोट मात्र होती तितकीच काळी आहे.